सातांचे पाच टक्के

अ‍ॅडलेड, ऑस्ट्रेलिया
४ ऑगस्ट १९८६

श्री. केपुएली मोआला
मुख्याध्यापक, नेइआफू, व्हावाउ बेटे, टोंगा

महोदय,

आपल्या शाळेतील शिक्षिका कु. लोसालिन ताउमोएपेआउ यांनी आमच्या विभागात भौतिकशास्त्रातील संशोधन पदवीसाठी अर्ज केला आहे. शिफारस देणाऱ्या तिघांत त्यांनी आपले नाव दिले आहे. सुवा (फिजी) येथील दोन प्राध्यापकांच्या शिफारशी आमच्याकडे आल्या आहेत. आपल्यासाठीचा फॉर्म सोबत जोडला आहे. पहिल्या दोन पानांवर फक्त चौकटींत खुणा करायच्या आहेत, तिसऱ्यावर चार ओळी लिहायच्या आहेत. दहा मिनिटांचे काम आहे.

फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत पोहोचावा. तिसरी शिफारस आल्याशिवाय अर्ज समितीपुढे जात नाही.

आपली,
आयरिस पेंगेली
प्रवेश चिटणीस, भौतिकशास्त्र विभाग


नेइआफू
२७ ऑगस्ट १९८६

आदरणीय पेंगेलीबाई,

तुमचं पत्र गुरुवारच्या बोटीने मिळालं. मी, माझी पत्नी आणि शाळेतले सर्व शिक्षक (एक सोडून) तुम्हाला नमस्कार सांगतो.

फॉर्म वाचला. तुम्ही दहा मिनिटं म्हणता. मला सहा दिवस झाले आणि मी अजून पहिल्याच पानावर आहे.

"अर्जदाराला किती काळ ओळखता?" यापुढे एवढीशी चौकट. बाई, ही मुलगी जन्मली त्या दिवशी मी तिच्या घरी अहेराचं डुक्कर घेऊन गेलो होतो. तिच्या आजोबांबरोबर मी मासे धरले आहेत. कुठून मोजायला लागू?

"अर्जदाराशी आपले नाते आहे काय? हो / नाही." या बेटावर 'नाही' म्हणणारा माणूस आजच बोटीतून उतरलेला असतो. 'हो' म्हणावं तर तुम्ही म्हणणार, मग तर कौतुक करणारच.

आणि शेवटी, "अर्जदार आपल्या वर्गातील पहिल्या पाच टक्क्यांत आहे काय?" मी तिला शिकवलं तेव्हा वर्गात सात मुलं होती. सातांचे पाच टक्के म्हणजे एका मुलाचा तिसरा हिस्सा. कमरेखालचा की वरचा, हे फॉर्मवर दिलेलं नाही.

घाईघाईने खुणा करून मुलीवर अन्याय करणं माझ्या मनाला पटत नाही. म्हणून फॉर्म कोराच परत पाठवतो आहे. मोठ्या चौकटींचा एखादा असेल तर पाठवावा. घाई नाही.

तुमचा विश्वासू,
केपुएली मोआला


अ‍ॅडलेड
११ सप्टेंबर १९८६

श्री. मोआला,

घाई आहे.

मोठ्या चौकटींचा फॉर्म नसतो. नवा फॉर्म, त्याच चौकटींचा, सोबत आहे. 'किती काळ' यापुढे तिचं वय लिहा. नात्यापुढे 'हो' लिहा, आम्ही दचकत नाही. टक्क्यांच्या ओळीत पहिल्या चौकटीवर फुली मारा, मुलगी अख्खी धरली जाईल.

समितीचे डॉ. स्ट्रॅचन खुणांकडे फार बघत नाहीत. ते तिसरं पान वाचतात. तिथे त्या मुलीबद्दल खरं वाटेल ते लिहा, बस्स. पत्र तुमच्याकडे पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात आणि परत यायला तेवढेच. कॅलेंडर तुमच्याकडेही असेलच.

आयरिस पेंगेली


नेइआफू
२५ सप्टेंबर १९८६

आदरणीय पेंगेलीबाई,

फार वाईट बातमी कळवावी लागते आहे. तुमचा दुसरा फॉर्म हापाई बेटांवर गेला.

झालं असं की, प्रवासात त्याला घडी पडली होती. अशा मानाच्या कागदाला घडी बरी दिसत नाही, म्हणून मी तो आमच्या चांगल्या चटयांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवला. त्याच आठवड्यात माझ्या पत्नीचा चुलतभाऊ वारला. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. माझ्या पत्नीने गठ्ठा उचलला आणि बोटीवर चढवला. आता त्या चटया तिथे चौदा घरांत वाटल्या गेल्या आहेत. ज्याच्या घरी त्या गेल्या त्याला "जरा चटई उलटून बघता का" असं विचारायची आमच्यात पद्धत नाही.

दरम्यान, तुम्ही खरं लिहा म्हणालात म्हणून एक गोष्ट खरी आणि स्पष्ट लिहितो. मुलगी हुशार आहे, यात वाद नाही. पण ती मोठ्या ठिकाणी जायला अजून तयार नाही असं मला वाटतं. उदाहरण देतो म्हणजे तुमच्या लक्षात येईल.

गेल्या जूनमध्ये तिने मुलांना आवाजाचा वेग शिकवायला काढला. पुस्तकात आकडा छापलेला आहे. मुलांनी तो पाठ करावा, विषय संपला. पण नाही! ही गेली पाद्रीबाबांकडे आणि चर्चचा मोठा लाकडी ढोल मागितला. त्यांना वाटलं, चार ठोके मारील. हिने सातही मुलांना समोरच्या तालाउ टेकडीवर बसवलं, बंदरातल्या एका शिडाच्या होडीवरची दुर्बीण आणि शर्यतीचं घड्याळ त्यांच्या हाती दिलं आणि सकाळी सहा वाजता ढोलावर तीस ठोके दिले. हात खाली आलेला दिसला की घड्याळ सुरू, आवाज ऐकू आला की बंद.

आता आमच्याकडे तो ढोल वाजला की प्रार्थनेला जायचं असतं. लोक आमच्या रीतीप्रमाणे कमरेला मानाच्या चटया बांधून, गाण्याची पुस्तकं घेऊन आले. ती म्हणाली, "माफ करा, मोजमाप चाललंय." लोक घरी गेले. नऊ वाजता पुन्हा तीस ठोके. पुन्हा लोक. बाराला पुन्हा. तीन वाजता कोणी घरी गेलंच नाही, बसून राहिले. माणसं बसली आहेत म्हटल्यावर पाद्रीबाबांनीही प्रवचन दिलं, आणि सकाळपासून हुकलेली तिन्हीही भरून काढली. त्या दिवशी, शनिवारी, आमच्या गावाला चार प्रवचनं ऐकावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी रविवारच होता.

मी तिला खोलीत बोलावून विचारलं, "एकदा मोजलंस ना? मग पुन्हा पुन्हा कशाला?" तर म्हणते, "सर, दुपारी हवा तापते. तापलेल्या हवेतून आवाज लवकर पोचतो का ते बघत होते." मी म्हटलं, "पोचला का?" म्हणाली, "किंचित." किंचित, पेंगेलीबाई! या 'किंचित'साठी अख्खं गाव चार वेळा आंघोळ करून आलं!

अशा मुलीला आणखी एक-दोन वर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीची गरज आहे असं तुम्हालाही वाटेल.

तुमचा विश्वासू,
केपुएली मोआला


अ‍ॅडलेड
७ ऑक्टोबर १९८६

मोआला सर,

तुमच्या पत्नीच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. त्यांना माझं सांत्वन कळवा. तिसरा फॉर्म सोबत आहे. हा दाबून ठेवू नका.

ढोलाची हकीगत मी डॉ. स्ट्रॅचन यांना चहाच्या वेळी वाचून दाखवली. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घड्याळ दाबायला हाताला जो वेळ लागतो तो तिने कसा वजा केला?" मला काय माहीत? मी त्यांना म्हटलं, तिलाच विचारा, पण त्यासाठी आधी तिचा अर्ज पुरा व्हायला हवा.

आता एक सांगते, आणि राग मानू नका. शिफारशींच्या मागे लागणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा आहे. विसरणारे लोक मला माहीत आहेत, आळशीही माहीत आहेत. विसरणारा माणूस तीन-तीन पानी पत्रं लिहीत नाही. तुम्ही तिच्यातलं वैगुण्य म्हणून जे लिहिलंत त्याहून चांगली शिफारस या वर्षी माझ्या टेबलावर आलेली नाही, आणि ते न कळण्याइतके तुम्ही भोळे नाही.

पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, सर्व शिक्षक, एक सोडून. मी कंस वाचते, मोआला सर. तिला हे फॉर्म आल्याचं सांगितलंयत का? आणि ती गेली तर तुमच्याकडे भौतिकशास्त्र कोण शिकवणार?

आयरिस पेंगेली


नेइआफू
१७ ऑक्टोबर १९८६

बाई,

मी एकोणतीस वर्षं शिक्षक आहे, बारा वर्षं मुख्याध्यापक आहे आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. मला आजवर कोणी असं पत्र लिहिलेलं नाही. तुमचा फॉर्म कोरा परत पाठवत आहे. दुसरा पाठवण्याची तसदी घेऊ नये.

केपुएली मोआला


नेइआफू
२० ऑक्टोबर १९८६

पेंगेलीबाई,

शुक्रवारी एक पत्र पेटीत टाकलं ते परत मागायला आज सकाळी पोस्टात गेलो होतो. पोस्टात लोसालिनची आत्या आहे. ती म्हणाली, "पिशवी बांधली, सर. बांधलेली पिशवी उघडता येत नाही. नियम आहे." मी म्हटलं, "गेल्या महिन्यात पाद्रीबाबांसाठी उघडलीस." म्हणाली, "त्यांनी माझ्या भाचीचा फॉर्म दाबून ठेवला नव्हता."

तेव्हा हे दुसरं पत्र त्याच पिशवीच्या पाठोपाठ येईल. आधी ते वाचलंत तर वाचून विसरा.

तुमचं बरोबर आहे. तिन्ही फॉर्म वेळेवर आले होते. चटया खरंच हापाईला गेल्या, पण फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. दर गुरुवारी बोट आली की ती माझ्या खोलीच्या दारात यायची आणि विचारायची, "सर, ऑस्ट्रेलियाहून काही?" आणि मी म्हणायचो, "नाही, पोरी." नऊ गुरुवार.

कारण तुम्ही विचारलंत. ती येण्याआधी या शाळेत अकरा वर्षं भौतिकशास्त्र मी शिकवलं. मी इतिहासाचा माणूस. दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी पुस्तक घेतलं आणि मुलांच्या एक पान पुढे राहिलो. कुणी आडवा प्रश्न विचारला की दटावायचो. लोसालिन तेरा वर्षांची असताना तिने विचारलं, "सर, पाण्यात हात बुडवला की हलका का वाटतो?" ते माझ्या पुढल्या पानावर होतं, मी अजून वाचलं नव्हतं. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर पावसाच्या पाण्याची टाकी होती. तास संपेपर्यंत ती टाकीत हात घालून उभी होती. आत आली ती उत्तर घेऊनच, बाही खांद्यापर्यंत ओली. शाळा संपल्यावर आम्ही तिला सुव्याच्या विद्यापीठात पाठवलं. मी चार वर्षं वाट बघितली. ती परत आली त्या वर्षी सातांतली सहा मुलं पास झाली. माझ्या अकरा वर्षांत मिळून चार झाली होती.

तिला जाऊ दिलं तर फेब्रुवारीत त्या वर्गासमोर पुन्हा मीच उभा राहणार. त्याची मला भीती वाटते, बाई. ते तुमच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं.

आज पोस्टातून सरळ तिच्या वर्गावर गेलो आणि मुलांसमोरच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, सर. पहिल्या फॉर्मच्याच दिवशी आत्याने सांगितलं."

"मग दर गुरुवारी येऊन विचारत का होतीस?"

"तुम्हाला लाज वाटावी म्हणून."

"आणि नसती वाटली तर?"

"आणखी दोन गुरुवार बघणार होते. मग आत्याच येणार होती."

आता फॉर्म खणात आहे, पण तो वेळेत पोहोचेल इतके दिवस उरलेले नाहीत. काय करायचं ते तुम्हीच सांगा.

केपुएली मोआला


तार
अ‍ॅडलेड, २९ ऑक्टोबर १९८६

दोन्ही पत्रं आजच मिळाली. पहिलं विसरले. खुणा क्रमाने तारेने कळवा. तार लेखी धरते. उरले दोन दिवस. पेंगेली


तार
नेइआफू, ३१ ऑक्टोबर १९८६

ओळख चोवीस वर्षं. नातं हो. बुद्धी उत्तम. चिकाटी उत्तम. लेखन उत्तम. शिस्त उत्तम. वक्तशीरपणा उत्तम. टक्के पहिले पाच. मोआला. गातेही छान. तार कचेरी


नेइआफू
३ नोव्हेंबर १९८६

पेंगेलीबाई,

तुम्हाला मिळालेली तार मी लिहिलेली नाही, हे आधी सांगतो. एकदा खोटेपणा कबूल केल्यावर दुसरा पोटात ठेवणं जड जातं.

मी तारेच्या कागदावर बुद्धी, चिकाटी, लेखन यांपुढे 'उत्तम' लिहिलं होतं. शिस्तीपुढे 'मध्यम' आणि वक्तशीरपणापुढे 'बरा'. (ती रोज उशिरा येते. वाटेत काहीतरी बघत उभी राहते.) तार कचेरीत लिसिआते बसतो. तो लोसालिनच्या आईचा मावसभाऊ. त्याने कागद वाचला, मोठ्याने वाचला, आणि मागे रांगेत गाव होतं.

म्हणाला, "सर, हे 'मध्यम' यंत्रातून जात नाही."

मी म्हटलं, "यंत्राला काय झालं?"

"यंत्राला काही नाही. पण इथून मध्यम पाठवलं की तिकडे मध्यमच पोचतं. तीच अडचण आहे."

तेवढ्यात पाद्रीबाबा आले. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तुमचा ढोल तिने दिवसभर बडवला. शिस्त मध्यम की नाही?" ते म्हणाले, "मध्यम? मध्यमसुद्धा फार झालं!" मला हायसं वाटलं. मग ते लिसिआतेकडे वळून म्हणाले, "उत्तम पाठव. आपल्या गावातलं भांडण तारेने पाठवू नये."

'बरा' तर कोणी वाचूनही दाखवला नाही. गाण्याचं कुणी घातलं ते मला ठाऊक नाही, पण रांगेत तिची आत्या होती.

आता खरं काय ते तुमच्या हाती आहे. शिस्त मध्यम. माझ्याकडून एवढंच.

केपुएली मोआला


अ‍ॅडलेड
२८ नोव्हेंबर १९८६

मोआला सर,

तुमचं पत्र आल्यावर मी नियमाप्रमाणे डॉ. स्ट्रॅचन यांना सांगितलं की तार कचेरीत शिस्त वाढवण्यात आली आहे, मूळ मध्यम होती. ते म्हणाले, "देवाची कृपा. 'उत्तम' वाचून मला काळजीच वाटली होती."

त्यांनी तुमच्या मुलीला ढोलाबद्दल सविस्तर पत्र लिहून विचारलं. तिचं उत्तर आलं. सकाळी घड्याळ दाबणारा हात आणि दुपारी दाबणारा हात एकच ठेवला होता, त्यामुळे हाताचा उशीर दोन्हीकडे सारखा आणि वजा करायची गरजच नाही. तीस ठोके अशासाठी की एखादा चुकला तरी सरासरीत बुडून जाईल. डॉ. स्ट्रॅचन ते पत्र घेऊन तीन खोल्यांत फिरून आले.

समितीने काल निर्णय घेतला. तिला प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्तीसकट. अधिकृत पत्र तिच्या नावाने पुढच्या आठवड्यात निघेल. तुम्हाला मात्र मी आधी कळवते आहे, कारण पत्र येईल त्या गुरुवारी ती तुमच्या दारात येईल आणि तुम्हाला 'हो, पोरी' म्हणायला मिळावं.

फेब्रुवारीचं तुम्ही लिहिलंत, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. असता तर कळवला असता.

आयरिस पेंगेली


नेइआफू
५ फेब्रुवारी १९८७

पेंगेलीबाई,

लोसालिन आज बोटीवर चढली. सारा धक्का माणसांनी भरला होता. मला भाषण करायचं होतं, चार पानं लिहून नेली होती. निरोपाचा माझा नंबर आला तेव्हा ती पुढ्यात उभी राहिली आणि मला त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी विचारलं, "स्वेटर घेतलास का?" ती म्हणाली, "हो, सर." एवढंच झालं. भाषण खिशात राहिलं. घरी आल्यावर पत्नीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, स्वेटरचंच बरं होतं.

सोमवारी शाळा उघडते. वर्गात नऊ मुलं आहेत. तिने मला तीन वह्या लिहून दिल्या आहेत. मी पहिली दोनदा वाचली.

तिची काळजी घ्या. खाण्यापिण्याचं ती स्वतःहून मागणार नाही.

केपुएली मोआला


अ‍ॅडलेड
१९ फेब्रुवारी १९८७

मोआला सर,

पोहोचली. मी विमानतळावर गेले होते. त्या दिवशी इथे एकेचाळीस अंश होते, आमचा उन्हाळा चालू आहे. तुमची मुलगी लोकरीचा स्वेटर घालून, घामाने निथळत उतरली. मी म्हटलं, "अगं, काढ तो!" तर म्हणाली, "सरांनी विचारलं होतं." घरी नेऊन तिला पंख्यासमोर बसवलं आणि माझ्या आईच्या पद्धतीची मटण-बटाट्याची करंजी खाऊ घातली. चार खाल्ल्या. मागितल्या नाहीत, तुम्ही म्हणालात तसंच, पण ताटाकडे बघत राहिली.

विभागात पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा आली. वाटेत ट्रामचे रूळ उन्हात वाकतात का ते बघत होती म्हणे. डॉ. स्ट्रॅचन यांनी ते रूळ कुठले ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघंही उशिरा आले.

तुमचं कसं चाललंय ते कळवा. मी या डिसेंबरात निवृत्त होते आहे. एवढी पत्रं लिहिली आयुष्यात, पण उत्तराची वाट बघावी अशी फार थोडी.

आयरिस


नेइआफू
१४ मे १९८७

आयरिसबाई,

उत्तराला उशीर झाला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पहिले दोन महिने वाईट गेले. तिच्या वह्यांत सगळं आहे, पण मुलं वहीतलं विचारत नाहीत.

गेल्या मंगळवारी सेइनी नावाची एक मुलगी उभी राहिली. शेवटच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "सर, ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा काळी का दिसते? वाळू तीच, आणि पाण्याला तर रंग नाही."

मी पहिली वही चाळली. नव्हतं. दुसरी चाळली. नव्हतं. माझा हात दाराकडे उठला, सवयीने. तो तसाच वर राहिला. मग मी म्हणालो, "मला माहीत नाही."

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी या शाळेत उच्चारलेलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हळूच शेजाऱ्याला विचारलं, "सरांना बरं नाही का?"

सेइनी म्हणाली, "मग कोणाला माहीत असेल?" मी म्हटलं, "चला, बघू या." आणि आम्ही दहाजण किनाऱ्यावर गेलो. मीही चपला काढल्या. मुलांनी वाळू ओली केली, सुकवली, काचेखाली धरली, खोबरेल तेल घालून पाहिलं. तेलानेही काळी पडते, बाई! म्हणजे पाण्याचंच काही खास नाही. माझा चष्मा वाळूत पडला, तो अजून सापडलेला नाही, हे पत्र पत्नी लिहिते आहे. पाद्रीबाबा वाटेने चालले होते, त्यांनी विचारलं, "आता काय नवीन?" तर सातआठ मुलं एकदम ओरडली, "सरांना माहीत नाही!" इतक्या आनंदाने माझ्याबद्दल या गावात आजवर कोणी काही ओरडलेलं नाही.

कालपर्यंत सेइनीचं म्हणणं असं की, ओल्या वाळूत उजेड आत शिरतो आणि त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. दुसऱ्या एकाचं म्हणणं वेगळं आहे. दोघांचं भांडण झालंय आणि वर्गाचे दोन तट पडलेत. मी कुठल्या तटात आहे ते मी सांगितलेलं नाही, कारण ते रोज बदलतं.

लोसालिन रविवारी तुमच्याकडे जेवायला येते असं तिने आत्याला लिहिलं आहे. तिला माझे आशीर्वाद सांगा. पण एक विनंती आहे. हा वाळूचा प्रश्न तिच्या कानावर घालू नका. ती लगेच उत्तर लिहून पाठवील, आणि आम्हाला अजून निदान पंधरा दिवस हवे आहेत.

तुमचा,
केपुएली

(ता. क. वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं आहे. फक्त चष्मा वाळूत पडलेला नाही. तो त्यांच्या डोक्यावर आहे. मी अजून सांगितलेलं नाही, कारण त्यांना सांगून लिहवून घेण्यात मजा येते आहे असं दिसतं. — सौ. मोआला)